डूलाचा कोर्स निवडताना: शनिवार-रविवारचं सोडा, सोमवारपासूनचं विचारा

परवा नाशिकहून एका मुलीचा फोन आला. म्हणाली, "ताई, दोन दिवसांचा ऑनलाइन कोर्स आहे. शनिवार-रविवार. रविवारी संध्याकाळी सर्टिफिकेट मिळतं. आज रात्रीपर्यंत पैसे भरले तर सवलत आहे. भरू का?" मी एवढंच विचारलं, "आणि सोमवारी काय?"

तिला प्रश्न कळला नाही. मग सविस्तर विचारलं. सोमवारी पहाटे एखादीच्या नवऱ्याचा फोन आला की कळा सुरू झाल्यात, तर निघशील का? गेलीस आणि तिथे अडलीस, तर रात्री अडीच वाजता तुझा फोन कोण उचलेल? ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "हे मी विचारलंच नाही त्यांना."

मी पुण्यात डूला म्हणून, म्हणजे बाळंतपणात बाईला सोबत आणि आधार देणारी म्हणून काम करते, आणि असे फोन नेहमी येतात. प्रत्येकीला तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते. कोर्स कसा निवडायचा, कोणत्या क्रमाने चौकशी करायची, पैसे कधी भरायचे, सगळं.

आधी काम काय ते नक्की करा

डूला हा शब्द ग्रीक आहे. मानववंशशास्त्रज्ञ डेना राफाएल यांनी 1970 च्या दशकात तो बाळंतिणीला आधार देणाऱ्या बाईसाठी वापरला. आपल्याकडे शब्द नव्हता, पण बाई होती. कळा देताना पाठ चोळणारी, केस मागे सारणारी, "झालं गं, ही कळ गेली बघ" म्हणणारी मावशी किंवा आत्या घरोघरी असायची. बाळंतपणं दवाखान्यात गेली हे फार चांगलं झालं, त्याने जीव वाचले. पण ती मावशी लेबर रूमच्या दाराबाहेर राहिली. डूला तिची जागा घेते, आणि शिकून घेते.

सुईण वेगळी, डूला वेगळी. डूला बाळंतपण करत नाही. पिशवीचं तोंड किती उघडलंय ते तपासत नाही, बाळाचे ठोके ऐकून निदान करत नाही, औषध देत नाही, टाक्यांना हात लावत नाही. तुम्हाला हे सगळं करायची ओढ असेल तर तुमची वाट डूलाची नाहीच. नर्सिंगला जा. केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नर्सिंग झालेल्यांसाठी 18 महिन्यांचं मिडवाइफरी (सुईणकामाचं) प्रशिक्षण आहे. ती रीतसर, नोंदणीची वाट आहे. डूलाच्या दोन दिवसांच्या कोर्सवर कुणी बाळंतपण करू पाहत असेल, तर ते बेकायदा आहे आणि जिवावर बेतणारं आहे.

मग डूलाचा उपयोग तो काय, असं घरचे विचारतातच. त्यांना सांगायला एक भक्कम आधार आहे. 2017 साली कॉक्रेन या संस्थेने 17 देशांतले 26 अभ्यास एकत्र तपासले, त्यात 15,800 हून जास्त स्त्रिया होत्या. कळा सुरू असताना ज्यांच्याजवळ सतत कुणीतरी होतं, त्यांच्यात सिझरचं प्रमाण कमी, कळांचा एकूण वेळ थोडा कमी, वेदनाशामक औषधांची गरज कमी, आणि "माझं बाळंतपण वाईट गेलं" असं म्हणणाऱ्याही कमी होत्या. यातला "सतत" हा शब्द महत्त्वाचा. येऊन-जाऊन विचारपूस करणं म्हणजे डूलाचं काम नव्हे.

कोणती डूला व्हायचंय?

कोर्स दोन प्रकारचे असतात. एक बाळंतपणाच्या वेळी सोबत करणाऱ्या डूलाचा, दुसरा बाळंतपणानंतर घरी येणाऱ्या डूलाचा. जाहिरातीत दोन्हींची सरमिसळ असते, म्हणून आधी हे विचारा.

माझं स्पष्ट मत सांगते. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत आणि रात्री त्यांना सांभाळायला कुणी नाही, त्यांनी बाळंतपणानंतरच्या कोर्सपासून सुरुवात करावी. बाळंतपणाच्या डूलाला 38 व्या आठवड्यापासून फोन उशाशी घेऊन झोपावं लागतं आणि हे चार आठवडेही चालू शकतं. त्या काळात गावाला जाता येत नाही, लग्नकार्यात फोन बंद ठेवता येत नाही. "रात्री दोनला निघाले तर सकाळी मुलांचा डबा कोण करेल?" याचं उत्तर घरात बसून, नावानिशी ठरवा. ते ठरत नसेल तर कोर्स कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

बाळंतपणानंतरच्या कामाला आपल्याकडे कमीपणा येतो, कारण लोकांना वाटतं, मालिशवाली आहे की, आणि पोरगी माहेरी आहे की. पण डिंकाचे लाडू, शेक-शेगडी सगळं जागच्या जागी असून चौथ्या दिवशी दूध दाटून छाती दगडासारखी झालेली, रडणारी मुलगी मी कितीदा पाहिलीय. आजूबाजूला सहा माणसं असतात आणि बाळ नीट पकडत का नाही, हे त्यातल्या एकालाही सांगता येत नाही. या कोर्समध्ये स्तनपान आणि बाळंतिणीचं नैराश्य हे दोन विषय वरवर उरकले असतील तर तो कोर्स सोडून द्या.

सर्टिफिकेटचा अर्थ

भारतात डूलाची नोंदणी करणारं सरकारी कौन्सिल नाही. त्यामुळे "सरकारमान्य डूला कोर्स" असं कुठे लिहिलेलं दिसलं तर तिथेच थांबा आणि मान्यता कुणाची, कागद कुठे आहे, ते मागा.

सरकारी शिक्का नसल्यामुळे लोक आंतरराष्ट्रीय संस्थांची नावं बघतात. डोना इंटरनॅशनल ही अमेरिकेतली संस्था 1992 साली सुरू झाली, तिच्या संस्थापकांत मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल हे डॉक्टर आणि पेनी सिमकिन होत्या. कापा ही अशीच दुसरी संस्था, 1998 ची. चाइल्डबर्थ इंटरनॅशनल दूरशिक्षणाने शिकवते. नाव मोठं असणं चांगलंच, पण एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे बहुतेक जणी फसतात. कार्यशाळा झाली की तुम्ही "प्रशिक्षण घेतलेली" डूला होता. "प्रमाणित" डूला व्हायला त्यानंतर प्रत्यक्ष बाळंतपणांना हजर राहावं लागतं, त्या आईकडून आणि दवाखान्यातल्या माणसांकडून अभिप्राय भरून घ्यावे लागतात, ठरलेलं वाचन करावं लागतं, आचारसंहितेवर सही करावी लागते. मग फाइल पाठवायची, त्याची फी निराळी. शिवाय काही वर्षांनी नूतनीकरण असतंच.

म्हणून एका कागदावर सरळ हिशेब मांडा. कार्यशाळेची फी, पुस्तकं, सभासदत्व, प्रमाणपत्राची फी, नूतनीकरण, आणि परदेशी संस्था असेल तर डॉलरचे रुपये करून. जाहिरातीत यातला फक्त पहिला आकडा असतो.

अमेरिकेतल्या मराठी मैत्रिणींसाठी एक वेगळी सूचना. तिथे काही राज्यांत सरकारी आरोग्य योजनेतून डूलाला पैसे मिळतात. न्यू जर्सीत 2021 पासून, कॅलिफोर्नियात जानेवारी 2023 पासून. कॅलिफोर्नियात प्रशिक्षणाच्या वाटेने यायचं तर किमान 16 तासांचं शिक्षण आणि 3 बाळंतपणांना सोबत, अशी अट आहे. आधी तुमच्या राज्याची अट वाचा, मग कोर्स बघा.

अभ्यासक्रम हातात घेऊन वाचा

"सिलॅबस पाठवा" म्हटल्यावर जे नुसती चकचकीत जाहिरात पाठवतात, ते एका फटक्यात बाद. जे तासागणिक आराखडा पाठवतात, त्यांचा आराखडा पेन घेऊन वाचा.

पहिल्यांदा बघा, हाताचं काम किती आहे. हे मी अनुभवाने सांगते. कंबरेत कळा येणाऱ्या बाईला माकडहाडाच्या जरा वर, जिथे कंबर सपाट असते, तिथे तळहाताच्या टाचेने दाब द्यायचा असतो. बोटांनी नाही, मनगटाच्या जवळच्या भागाने. कोपर सरळ ठेवायचं, जोर खांद्यातून नाही तर स्वतःच्या अंगाच्या वजनातून यायला हवा. कळ चढायच्या आधी हात ठेवायचा आणि ती उतरेपर्यंत हलवायचा नाही. वाचायला सोपं आहे. पण माझ्या दुसऱ्या प्रशिक्षणात आमच्या शिक्षिकेने आम्हाला जोड्या लावून, एकीला खुर्चीवर उलटं बसवून, घड्याळ लावून हे करायला लावलं. एक मिनिट दाब, तीन मिनिटं विश्रांती, असं तासभर. विसाव्या मिनिटाला माझं मनगट दुखायला लागलं. बाई मागे आल्या, माझा पाय अर्धा फूट मागे सरकवला, आणि सगळा भार पायावर गेला. अर्ध्या फुटाची ती गोष्ट व्हिडिओ बघून कधीच कळली नसती. म्हणून विचारा: प्रत्यक्ष एकत्र येऊन सरावाचे तास किती? एका शिक्षिकेमागे किती जणी? पेल्व्हिसचं (ओटीपोटाच्या हाडांचं) मॉडेल आणि बाहुली प्रत्येकीच्या हातात येते का, की लांबून दाखवतात? थिअरी ऑनलाइन असली तर माझी हरकत नाही. हाताचं काम ऑनलाइन नको.

दुसरं, सिझर आणि कळांचं सलाईन याबद्दल किती शिकवतात ते बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या खासगी दवाखान्यांत 47.4 टक्के बाळंतपणं सिझरची होती. डूला ठेवणारी कुटुंबं बहुतेक खासगी दवाखान्यातच जातात. म्हणजे जो कोर्स फक्त नैसर्गिक बाळंतपणच शिकवतो, तो तुम्हाला निम्म्या बायकांसाठी तयारच करत नाही. ऐनवेळी सिझर ठरलं तर ऑपरेशन थिएटरात न्यायच्या आधीच्या दहा मिनिटांत तिच्याशी काय बोलायचं, बाहेर आल्यावर टाके ताजे असताना बाळ छातीशी कसं लावायचं, नवऱ्याला काय सांगायचं, हे शिकवायला हवं. एपिड्युरल (वेदना कमी करायला पाठीतून दिलेलं औषध) घेतलेल्या बाईची कूस बदलायला मदत कशी करायची हेही. आणि बाळ गेलं तर काय, हेसुद्धा. हा तास बऱ्याच कोर्समध्ये नसतो. पण एक ना एक दिवस त्या खोलीत तुम्ही असाल, म्हणून तो असायलाच हवा.

तिसरं, इथल्या दवाखान्याची माहिती. परदेशी धडे जसेच्या तसे शिकवणाऱ्यांकडे मोठी खोली, पाण्याचा टब, मंद दिवे असतात. आपल्याकडे पडद्याआड पलंग, हाताला सलाईन, आणि "एकालाच आत सोडू" असं म्हणणाऱ्या सिस्टर. मग आत डूला जाणार की आई की नवरा? हा पेच आठव्या महिन्यातच डॉक्टरांशी बोलून सोडवायचा असतो, आणि ते बोलणं कसं करायचं याचा सराव वर्गात व्हायला हवा. सरकारी दवाखान्यांसाठी केंद्राने फेब्रुवारी 2016 मध्ये सोबतिणीला परवानगी दिली, पण ती नात्यातली स्त्री, शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली असावी असं त्यात म्हटलंय. तिथे पैसे घेऊन येणाऱ्या डूलाला हक्काने आत जाता येत नाही. अशा वेळी सासूला किंवा बहिणीला आधीच शिकवून तयार करणं हेच तुमचं काम ठरतं, आणि ते फार मोलाचं काम आहे.

आणि भाषा. तुम्ही ज्यांच्याजवळ बसणार आहात त्या कळ चढल्यावर इंग्रजी ऐकत नाहीत. "रिलॅक्स" म्हटल्याने कुणी सैल होत नाही. "खांदे खाली सोड. दात सोड. तोंड उघडून लांब 'आ' म्हण. माझ्याकडे बघ." असे छोटे, हुकमासारखे पण मायेचे शब्द लागतात. कोर्स इंग्रजीत असला तरी चालेल, पण भूमिका करून दाखवायचा सराव मराठीत करू देतात का ते विचारा.

शिक्षिकेला हे विचाराच

फी भरण्याआधी दहा मिनिटं फोनवर बोलायची विनंती करा. पहिला प्रश्न: "तुम्ही शेवटच्या कुठल्या बाळंतपणाला, केव्हा हजर होता?" नाव-गाव नको, महिना पुरे. जी शिक्षिका पाच वर्षांत लेबर रूममध्ये गेलेली नाही, तिचे धडे जुने झालेले असतात.

दुसरा प्रश्न मी मुद्दाम पेचाचा ठेवते. "खोलीत सिस्टर नाहीत, बाई काकुळतीला येऊन म्हणतेय, तुम्हीच बघून सांगा ना किती उघडलंय. तर मी काय करू?" योग्य उत्तर एकच आहे. हात लावायचा नाही, बेल वाजवायची, सिस्टरना बोलवायचं आणि तोवर तिच्याजवळून हलायचं नाही. "ते आम्ही ॲडव्हान्स लेव्हलला शिकवतो" असं उत्तर आलं तर फोन ठेवा. खरंच सांगते, ठेवा.

अशाच आणखी काही गोष्टी कानावर पडल्या तर सावध व्हा. "आमच्या डूलांच्या बायकांचं शंभर टक्के नॉर्मल होतं" हा दावा कुणीच करू शकत नाही. सगळे डॉक्टर लुबाडायलाच बसलेत असं शिकवणारी व्यक्ती तुम्हाला लेबर रूममध्ये शत्रू मिळवून देईल आणि त्याची किंमत आत पडलेली बाई मोजेल. नवजात बाळाला मध किंवा घुटी चाटवा असं सांगणारीने सहा महिने फक्त आईचं दूध हा पहिला धडाच वाचलेला नाही. खूप रक्तस्राव, ताप, फेफरं, डोकं फुटेल असं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही दिसलं तर ताबडतोब डॉक्टर, आणि घरी असाल तर 108, हे ज्या कोर्समध्ये ठळकपणे शिकवत नाहीत तो धोकादायक आहे.

कार्यशाळेला दूध पावडर किंवा बाटल्यांच्या कंपनीने पैसे दिलेत का, हेही विचारा. 1992 च्या कायद्याने बाळाच्या वरच्या दुधाची जाहिरात बंद केली आहे, आणि आई-बाळाच्या आरोग्याचं काम करणाऱ्यांच्या अभ्यासक्रमांना अशा कंपन्यांनी पैसा पुरवायलाही मनाई आहे.

आता सोमवार

माझं पहिलं प्रशिक्षण आठवड्याच्या शेवटी झालं आणि संपलं. व्हॉट्सअॅप गटावर फुलांचे इमोजी आले, पीडीएफ सर्टिफिकेट आलं, आणि पंधरा दिवसांनी गट शांत झाला. त्यानंतर माझं पहिलं बाळंतपण आलं. अकरा तास झाले तरी ती बाई तिथल्या तिथे होती, मला सुचतील ते सगळे प्रकार करून झाले होते. मी बाहेर जिन्यात उभी राहून शिक्षिकेला फोन लावला. तीनदा. उचलला नाही. शेवटी तिथल्या एका वयस्क मावशींनी मला सांगितलं, "अगं, तिला लघवीला जाऊन किती वेळ झाला?" चार तास झाले होते. भरलेलं मूत्राशय बाळाच्या वाटेत येतं, हे मी वाचलेलं होतं, पण त्या रात्री आठवलं नाही. सिस्टरना विचारून तिला उठवलं, हळूहळू चालवत नेलं. पुढे सगळं नीट झालं. पण तो जिना मी विसरलेले नाही.

म्हणून माझ्या मते कोर्समधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे कार्यशाळेनंतरची साथ. पहिल्या तीन बाळंतपणांसाठी अनुभवी डूला फोनवर असेल का, आणि तिचं नाव आत्ताच सांगता येईल का? निदान एकदा तिच्यासोबत जाऊन नुसतं बघायला मिळेल का? प्रत्येक बाळंतपणानंतर बसून, काय झालं, काय चुकलं, मनाला काय लागलं, हे बोलायची सोय आहे का? किती महिने? हे सगळं लेखी मागा. "आमचा ग्रुप आहे ना" हे उत्तर पुरेसं नाही.

आणि पडताळणी करा. जुन्या तीन विद्यार्थिनींचे नंबर मागा, त्यातली एक आता काम न करणारी असू दे. यशस्वी झालेल्या तुम्हाला कोर्सचे गुण सांगतील. जिने सोडलं, ती नक्की कुठे एकटी पडली ते सांगेल, आणि तुम्हाला नेमकं तेच हवं आहे.

पैशांचं थोडक्यात. आज रात्रीपर्यंतच्या सवलतीला भुलू नका, पुढच्या महिन्यात ती पुन्हा येते. पावती संस्थेच्या नावाने घ्या. आजारी पडलात तर पुढच्या तुकडीत बसू देतात का ते आधी विचारा. हप्ते मागायला लाजू नका.

नाशिकच्या त्या मुलीला मी एक मेसेज लिहून दिला. तोच इथे देते, कोर्स चालवणाऱ्यांना तसाच पाठवा:

"नमस्कार. मला तुमच्या डूला प्रशिक्षणाबद्दल विचारायचं आहे. 1) प्रत्यक्ष सरावाचे तास किती, आणि एका शिक्षिकेमागे किती जणी? 2) सिझर, एपिड्युरल आणि बाळ दगावणं हे विषय कुठल्या सत्रात आहेत? 3) कार्यशाळेनंतर पहिल्या तीन बाळंतपणांसाठी मार्गदर्शक कोण, आणि किती महिने? 4) प्रमाणपत्रापर्यंतचा एकूण खर्च किती? 5) जुन्या तीन विद्यार्थिनींशी बोलता येईल का? उत्तरं मिळाली की मी फी भरण्याचं ठरवेन."

तिने तो तीन ठिकाणी पाठवला. दोन दिवसांच्या कोर्सवाल्यांनी सवलतीची लिंक पुन्हा पाठवली. एकीकडून काहीच आलं नाही. तिसरीने रात्री साडेनऊला स्वतः फोन केला, पाऊण तास बोलली, आणि शेवटी म्हणाली, "या बॅचला जागा नाही. पण पुढच्या आठवड्यात एका कुटुंबाबरोबर आठव्या महिन्यातली भेट आहे. त्यांना विचारते, चालत असेल तर येऊन मागे बस." ती गुरुवारी जाणार आहे.